पैठणीच्या विणकामाचे ज्ञान सर्वांसाठी खुले ठेवावे की विणकरांपुरते?

प्रस्ताव (मूळचा येवल्याचा, सध्या नाशिक)

आमच्या घरात तीन पिढ्या हातमाग चालला. गेले वर्षभर मी सवड मिळेल तेव्हा येवल्याला जाऊन काकांच्या मागावरील कामाचे चित्रीकरण केले. ताण्याची (उभ्या धाग्यांची) सांधणी, कांड्या (धागा गुंडाळलेल्या नळ्या) भरणे, काठासाठीचे तीन धोट्यांचे (आडवा धागा नेणाऱ्या साधनांचे) काम आणि पदरावरचा बांगडी मोर (बांगडीसारख्या वर्तुळातला मोर) विणताना एका रंगाचा बाणा (आडवा धागा) शेजारच्या रंगाच्या बाण्यात कसा अडकवायचा, हे सर्व त्यात टिपले आहे. सोबत काकांनी चौकटीच्या कागदावर काढलेले नक्ष्यांचे आलेखही आहेत. हे इंटरनेटवर ठेवायचे हे निश्चित असले, तरी ते कोणाला पाहता यावे यावर घरात एकमत नाही.

विणकर ओळखपत्र असलेल्यांनाच ते पाहता यावे, असे माझे मत आहे. यंत्रमागावरची सेमी पैठणी हातमागाच्या कितीतरी कमी किमतीत विकली जाते आणि अनेक ग्राहकांना ती वेगळी ओळखता येत नाही. भौगोलिक मानांकन १९९९ च्या कायद्याने मिळते; परंतु ते नावाला आणि प्रदेशाला संरक्षण देते, विणण्याच्या रीतीला नाही. जे आपल्याजवळ उरले आहे ते आपण स्वतःहून का वाटून टाकावे?

उत्तर (हातमाग प्रशिक्षणाचे काम केलेले, नाशिकरोड)

दादा, आपली तळमळ खरी आहे, पण कुलूप चुकीच्या दाराला लागते आहे. यंत्रमागवाल्याला आपल्या काकांचे चित्रीकरण लागतच नाही. त्याला पदराचे एक स्पष्ट छायाचित्र पुरते. त्यावरून संगणकावर नक्षी उतरवून जॅकार्डला (नक्षीप्रमाणे धागे उचलणाऱ्या मागावरील यंत्रणेला) देता येते. त्याच्या कापडात रंगाचे धागे नक्षीच्या मागून आडवे धावतात आणि मग ते कापले जातात, म्हणून ती पैठणी उलटली की खरा प्रकार दिसतो. हातमागावर मात्र प्रत्येक रंगाची कांडी आपल्याच जागेत फिरून परतते, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. ही अडकवणी चित्रफीत पाहून यंत्राला येत नाही. ती शिकणारा माणूसच असतो, आणि तोही महिनोन्महिने मागावर बसल्यावर. मग कुलूप लावून आपण अडवतो ते नेमके त्यालाच.

हळदीचे उदाहरण आठवून पाहा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले आणि आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. ते शक्य झाले, कारण हा उपयोग आधीच लिहून आणि छापून ठेवलेला होता. आजीबाईच्या बटव्यातच राहिलेले ज्ञान पुरावा म्हणून मांडणे फार अवघड गेले असते.

उत्तर (साडीविक्रेते, मेन रोड)

दुकानात रोज दिसते तेवढेच सांगतो. ग्राहक रेशीममार्काची चिठ्ठी पाहून पैठणी हातमागाची आहे असे समजतो. ती खूण फक्त रेशीम शुद्ध असल्याचे सांगते. शुद्ध रेशमाची साडी यंत्रमागावरही निघते. हातमागाची खूण वेगळी असून ती २००६ पासून आहे. पदर उलटून कसा पाहायचा, हे तरी प्रत्येकाला दिसू द्या. बाकीचे झाकायचे की नाही, याचा निर्णय विणकरांनी करावा.

प्रस्तावकाचे उत्तर

हळदीचा दाखला अर्धाच दिला आहे, असे मला वाटते. त्या लढ्यानंतर पारंपरिक ज्ञानाचे जे डिजिटल ग्रंथालय २००१ मध्ये उभे राहिले, ते सर्वांसाठी उघडे ठेवले गेले नाही; अनेक वर्षे करार केलेल्या पेटंट कार्यालयांनाच ते पाहता येत होते. म्हणजे नोंद करणे आणि उघडे ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारनेही मानले. अडकवणी यंत्राला जमत नाही, हे मात्र मला मान्य आहे. तरीही काकांनी चाळीस वर्षांत जुळवलेले आलेख छायाचित्रासारखे नाहीत. छायाचित्रावरून नक्षी काढणाऱ्याला घरे मोजावी लागतात आणि तो चुकतो. आलेखात आम्ही त्याला प्रत्येक घर मोजून देतो आहोत.

उत्तर (वकील, नाशिक)

आलेखांपुरते मी प्रस्तावकांच्या बाजूने आहे. डिझाइन कायदा, २००० प्रमाणे नोंदणी आधी दहा वर्षांसाठी मिळते आणि पुढे पाच वर्षांनी वाढवता येते. परंतु नोंदणीपूर्वी जगासमोर आलेले डिझाइन नोंदवता येत नाही. म्हणून काकांनी स्वतः रचलेली एखादी नवी नक्षी आज इंटरनेटवर गेली, तर तिचा नोंदणीचा हक्क उद्या मागता येणार नाही. कॉपीराइटवरही विसंबू नये, कारण नोंदवता येण्याजोग्या पण न नोंदवलेल्या डिझाइनचे मालकाच्या संमतीने औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक नग निघाले, की तो हक्क संपतो. आसवली (फुलांची वेल) किंवा मुनिया (पोपट) यांसारख्या परंपरेतल्या नक्ष्यांवर कोणा एकाची मालकी कधीच नव्हती. त्या झाकून काही साधणार नाही. तेव्हा काकांच्या नव्या नक्ष्या आधी वेगळ्या काढाव्यात आणि त्या कोणाला दाखवण्यापूर्वी नोंदणीचा विचार करावा.

उत्तर (विणकराच्या घरातील, येवला)

वकीलसाहेबांचे म्हणणे मला पटते, पण ओळखपत्राच्या अटीवर अजून कोणी बोललेले नाही. आमच्या घरात कांड्या भरणे, रेशीम उकलणे आणि धागे सांधणे हे बायकांचे काम होते. सासरे मागावर बसत आणि विणकर म्हणून नाव त्यांचेच लागे. मी बांगडी मोर शिकले तो दुपारी माग रिकामा असताना, आणि बाणा कुठे अडकवायचा हे विचारायला माझ्याजवळ कोणी नव्हते. दोन वेळा विणलेले उसवून काढावे लागले, रेशीम वाया गेले आणि ते सावकाराच्या हिशेबात आमच्या नावावर पडले. कारण रेशीम आणि जर त्याची, आमची फक्त मजुरी. माझी जाऊ आज त्याच मागावर बसते, पण तिच्याकडे ओळखपत्र नाही. भाऊ, नक्ष्या हव्या तर कुलपात ठेवा, परंतु काकांचा अडकवणीचा भाग तिला पाहता येईल असा ठेवा.