नुसत्या हिमोग्लोबिनवर भागत नाही
शिस्टोसोमा म्हणजे माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारा परजीवी कृमी. एकांनी लिहिलंय की तो रक्तावरच जगतो, म्हणजे त्याला सगळी अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आयती मिळतात. हे अर्धंच खरं आहे. हा कृमी तांबड्या पेशी गिळतो, कॅथेप्सिनसारख्या विकरांनी हिमोग्लोबिन तोडतो आणि उरलेल्या हीमचा (हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त भागाचा) काळा कचरा तोंडातूनच बाहेर टाकतो, कारण त्याला गुदद्वारच नसतं. पण प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल नसतं! ते रक्तातल्या इतर प्रथिनांतून किंवा थेट रक्तद्रवातून मिळवावं लागतं. त्यासाठी त्याच्या त्वचेत अमिनो आम्लं आत ओढणारी वाहक प्रथिनं असतात. मला हा मार्ग सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण ती प्रथिनं बाहेरच्या बाजूला, औषध पोचेल अशा जागी आहेत. मादीची भूक तर नराच्या कितीतरी पट. अंडी घालायची असतात ना.

आणि हा फक्त आफ्रिकेचा विषय समजू नका. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचं (या कृमींमुळे होणाऱ्या रोगाचं) केंद्र असल्याचं १९५२ साली नोंदलं गेलं. तिथे फेरिसिया ही गोड्या पाण्यातली इवलीशी गोगलगाय मधली यजमान, म्हणजे कृमीच्या अळ्या जिच्यात वाढतात ती, ठरली. कोकणातल्या जीवशास्त्राच्या प्रत्येक वर्गात हे शिकवलं जायला हवं.