मदत हवी आहे: कॅन्सर रुग्णाच्या घरच्यांचं जीवनमान मोजताना

नमस्कार. कॅन्सरच्या रुग्णाचं सगळं करणाऱ्या घरच्या माणसांचं जीवनमान मोजायचं आहे. झॅरिटची 22 प्रश्नांची प्रश्नावली मुख्यतः काळजी घेण्याचं ओझंच मोजते, म्हणून सीक्यूओएलसी (कॅन्सर रुग्णाची काळजी घेणाऱ्यांच्या जीवनमानाची प्रश्नावली) घेतली: 35 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 4 गुण. त्यात मोडलेली झोप, पैशाची चिंता आहेच, शिवाय नातं घट्ट झालं का, हेही विचारतात. ते मला फार मोलाचं वाटतं.

अडचण अशी, की रुग्ण शेजारी असला की "त्रास कसला, आपलंच माणूस आहे" म्हणत पटापट शून्यावर खुणा होतात. वेगळं बसवलं तर रुग्ण अस्वस्थ होतो. तुम्ही हे कसं जमवता? आणि प्रश्न गेल्या 7 दिवसांचे असल्याने केमोच्या आठवड्यात विचारावं की मधल्या काळात?