नाशिकमध्ये भाड्याचं घर: नुसतं 'आडगावला जा' म्हणून भागत नाही

गोदाकाठ
परवा इथे एकाने लिहिलं, "कॉलेज रोड, गंगापूर रोडचा हट्ट सोडा, आडगाव-म्हसरूळला जा. दोन हजार सहज वाचतात. घरं महाग नाहीत, लोकांचे नखरे महाग आहेत." हे वाचून राहवलं नाही.

नोकरी अंबड एमआयडीसीत आणि घर आडगावला, म्हणजे जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. 25 दिवसांचे 750. गाडीचं अ‍ॅव्हरेज 45 धरा, 16-17 लिटर पेट्रोल लागतं. सतराशे तिथेच गेले, द्वारका चौकातली कोंडी वेगळी. भाडं 9,000, मेंटेनन्स 1,200 आणि एका महिन्याची दलाली 11 महिन्यांत वाटली की दरमहा 818. झाले 11,018. त्यात पेट्रोल मिळवा. अंबडजवळच्या पाथर्डी फाट्याच्या घराचा हिशोब असाच मांडा आणि मग सांगा काय वाचलं.

म्हसरूळकर
ते मीच लिहिलं होतं. अंबडवाल्याला आडगाव परवडत नाही, ठीक आहे, तेवढं मान्य. नखरे हा शब्द मात्र मागे घेणार नाही. अंबडला लागूनच सिडको वसाहत आहे. तिथली जुनी घरं लोक बघायलाही जात नाहीत, कारण लिफ्ट नाही आणि चारचाकीला जागा नाही.

मीटर_रीडिंग
सिडकोचं नाव घेतलंत तर पूर्ण सांगा. मूळ घरावर मजले चढवलेले, महावितरणचं मीटर एकच आणि वर सबमीटर, म्हणजे भाडेकरूचा वापर मोजायला मालकाने लावलेलं मीटर. घरगुती दराचा स्लॅब, म्हणजे टप्पा, 100 युनिटला बदलतो. दोन्ही घरांचा वापर 90-90 असला तरी बिलावर 180 येतात, आणि 80 युनिट महागड्या दरात जातात. वेगळं मीटर असतं तर एकही गेलं नसतं. बरेच मालक वरून स्वतःचा सरसकट दर लावतात. टोकन देण्याआधी मागच्या उन्हाळ्याचं बिल मागा, सबमीटरचं सुरुवातीचं रीडिंग आणि प्रति युनिट दर करारात लिहून घ्या. स्वतंत्र मीटरचं घर पाचशेने महाग असलं तरी तेच घ्या.

घरमालक_इंदिरानगर
सगळा दोष मालकाचाच का? भाडेकरू घर सोडत नाहीत, भिंतीत खिळे ठोकतात, शेवटचे दोन महिने भाडं थकवतात. म्हणून डिपॉझिट जास्त घ्यावं लागतं. करार आम्ही 11 महिन्यांचा नोटरी करतो. त्याला नोंदणी लागत नाही. उगाच खर्च कशाला?

कलम_पंचावन्न
हा गैरसमज कधी जाणार! 12 महिन्यांवरच्या करारालाच नोंदणी, ही अट केंद्राच्या नोंदणी कायद्यातली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो 11 महिन्यांचा असो की 5 महिन्यांचा. ती जबाबदारी मालकाची. नाही केली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. नोटरी करून तुम्ही स्वतःचाच हात बांधून घेताय.

खर्च बघा. 9,000 भाडं आणि 30,000 डिपॉझिट असेल तर 11 महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्याच्या 0.25 टक्के मुद्रांक. अडीचशे-तीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर ऑनलाइन हाताळणी शुल्क आणि एजंट घेतलात तर त्याचे.

आणि घर सोडत नाहीत म्हणता, तर कलम 24 वाचा. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, मुदत संपल्यापासून घर ताब्यात येईपर्यंतच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.

गोदाकाठ
खर्चाचं निमित्त आहे हो. खरं कारण वेगळं. नोंदणी झाली की उत्पन्न दिसतं. वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर गेलं की भाडेकरूला एचआरएच्या (घरभाडे भत्त्याच्या) करसवलतीसाठी मालकाचा पॅन लागतो, आणि पॅन मागितला की घर "दुसऱ्याला दिलं" होतं. भाड्याच्या उत्पन्नावर 30 टक्के वजावट सरळ मिळते, तरी पॅन द्यायला जिवावर येतं. नोकरदाराची करसवलत यात बुडते, ती कुणीच भाड्यात धरत नाही.

म्हसरूळकर
सोसायटीवाल्यांचंही बोला. भाडेकरू म्हटला की महिना पाचशे जादा. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क; 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर नेता येत नाही. सेवा शुल्क 800 असेल तर 80 रुपये.

कलम_पंचावन्न
बरोबर, पण तो आदेश सहकारी गृहनिर्माण संस्थांना. तुमची बिल्डिंग 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर त्याचा आधार तसाच घेता येणार नाही. सोसायटी की अपार्टमेंट, हे घर बघतानाच विचारा.

घरमालक_इंदिरानगर
ठीक, यंदा नोंदणी करतो, कलम 24 साठी. पण रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणारच.

मीटर_रीडिंग
कापा, पण आकडा करारात आधी लिहा. चावी देताना भिंती, नळ, गिझर, पंखे यांचा व्हिडिओ दोघांच्या मोबाइलवर ठेवा. "रंगाचे नियमाप्रमाणे" एवढंच लिहिलेल्या करारावर भाडेकरूने सही करू नये.