ब्लू टँगवर पांढरे ठिपके: तांब्याचं औषध मोठ्या टाकीत घालावं का?

खारंपाणी

टाकी चार फुटी, वाळू-दगड वजा जाता खरं पाणी २५० लिटर. दोन क्लाऊनफिश, एक डॅमसेल आणि १० सेंमीचा ब्लू टँग. शिवाय दोन क्लीनर कोळंब्या, सहा टर्बो गोगलगायी. क्षारता (विशिष्ट घनतेत) १.०२५, तापमान २७ अंश, पीएच ८.१, अमोनिया-नायट्राइट शून्य, नायट्रेट २०.

टँग तीन आठवड्यांपूर्वी आला आणि थेट टाकीत गेला. गेल्या सोमवारी त्याच्या परांवर आणि अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे वीसेक ठिपके दिसले. गुरुवारी जवळजवळ सगळे गेले. आज पुन्हा आलेत, दुपटीहून जास्त. दगडाला अंग घासतो, पण खाणं व्यवस्थित आहे. बाकी माशांवर काही नाही.

हाताशी क्युप्रामाइन हे तांब्याचं औषध आहे. ते मोठ्या टाकीतच घालू, की फक्त टँगला वेगळं काढू? लसूण खाऊ घाला, तापमान ३० करा, असेही सल्ले मिळालेत.

प्रवाळ

ठिपके गेले आणि दुपटीने परत आले, या एका वाक्यात निदान आहे. हा खाऱ्या पाण्यातला इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीने होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. ठिपके गेले तेव्हा मासा बरा झाला नव्हता. कातडीखाली तीन ते सात दिवस पोसलेला परजीवी खाली उतरला, वाळूला-दगडाला चिकटून त्याने कवच केलं आणि आत त्याची शेकडो पिल्लं झाली. कवच कधी आठवड्यात फुटतं, कधी दोन महिन्यांहून जास्त घेतं. बाहेर पडलेल्या पिल्लाला दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं.

औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लाला. कातडीखालच्या परजीवीपर्यंत तांबं पोचत नाही, कवचातही शिरत नाही. त्यामुळे तिन्ही सल्ल्यांना नाही म्हणा. लसणाने परजीवी मरत नाही. तापमान वाढवणं हा गोड्या पाण्यातल्या इकचा उपाय. इथे ३० अंशांवर पाण्यातला प्राणवायू घटतो आणि कल्ले आधीच सुजलेल्या माशाला तो जास्त हवा असतो. मोठ्या टाकीत तांबं घातलंत तर कोळंब्या आणि गोगलगायी आधी मरतील, आणि दगड-वाळू तांबं शोषून घेतील ते निराळंच.

फक्त टँगला काढूनही भागणार नाही. क्लाऊनच्या कल्ल्यांत परजीवी असला तरी बाहेरून काही दिसत नाही. चारही मासे बाहेर, मोठी टाकी ७६ दिवस माशांविना. कोळंब्या-गोगलगायी तिथेच राहू द्या, त्यांच्यावर हा परजीवी जगत नाही. त्यांना थोडं खाणं घालत राहा, म्हणजे जिवाणूंचीही उपासमार होणार नाही.

मीठ_मोजणारा

उपचाराच्या टाकीचं सांगतो. १०० लिटरची उघडी काच पुरे. वाळू नाही, दगड नाही. लपायला पीव्हीसीचे दोन-तीन एल्बो. हीटर, एअर स्टोन, स्पंज फिल्टर. पाणी लांबी-रुंदीवरून काढू नका, मापाच्या बादलीने १०० लिटर भरा आणि काचेवर मार्करने रेघ मारा. पाणी उडालं की त्या रेघेपर्यंत साधं आरओचं पाणी घाला. तांबं वाफेबरोबर जात नाही, त्यामुळे या भरतीत औषध घालायचं नसतं.

क्युप्रामाइनचा १ मिली ४० लिटरमध्ये ०.२५ मिग्रॅ/लिटर तांबं देतो. म्हणून आज २.५ मिली, ४८ तासांनी आणखी २.५ मिली, की ०.५ झालं. ०.६ च्या वर जाऊ देऊ नका. २५ लिटर पाणी बदललंत तर नव्या पाण्यात १.२५ मिली आधीच कालवून घ्या.

दोन चुका मासे मारतात. एक, चिलेटेड (दुसऱ्या द्रव्याशी बांधलेल्या) तांब्याचा २ ते २.५ हा आकडा कुठेतरी वाचून तो क्युप्रामाइनला लावणं. ते तांबं वेगळं, त्याचं माप वेगळं. दुसरी, अमोनिया दिसला म्हणून क्लोरीन-अमोनियावरचं कंडिशनर ओतणं. त्यातल्या द्रव्याने तांब्याचं रूप बदलतं आणि ते माशाला फार विषारी होतं. अमोनियावर उपाय एकच, पाणी बदलणं. नव्या टाकीत तो चढणारच, म्हणून रोज तपासा, ०.२५ दिसताच बदला. खाणं कमी पण दोनदा, उरलेलं दहा मिनिटांत काढून टाका. कार्बन आणि यूव्ही बंद.

मोरचूद विरघळवून वापरणारेही आहेत. त्याचं माप आणखी कमी, ०.१५ ते ०.२०, आणि पाण्यातल्या कार्बोनेटबरोबर ते रोज खाली बसतं. दिवसातून दोनदा मोजण्याची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

दिवस मोजायचे ते पूर्ण ०.५ झाल्यापासून. १४ दिवसांनी दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ टाकीत मासे हलवता येत असतील तर १४ पुरे. तीच टाकी राहणार असेल तर ३०, कारण खाली उतरलेली कवचं तिथेच काचेला चिकटलेली असतात.

किनारा

तांबं मोजायचा किट नसेल तर क्षारता उतरवण्याचा मार्ग आहे: १.००९. १०० लिटरमध्ये दर १२ तासांनी साडेबावीस लिटर काढून तेवढंच आरओचं पाणी घातलं की चार बदलांत १.०२५ वरून तिथे पोचता. शेवटचा ठिपका गेल्यावर ३० दिवस तिथेच ठेवायचं. नंतर वर चढताना घाई नको, रोज ०.००२, म्हणजे आठ दिवस.

इथे सगळं रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणावर आहे. तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणाने जुळवून घ्या. १.०११ वर परजीवी तग धरतो आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. काट्याच्या हायड्रोमीटरवर हे करू नये. खारटपणा उतरला की अल्कलिनिटीही (पीएच टिकवून धरण्याची ताकद) उतरते, त्यामुळे पीएच रोज पाहा. घसरला तर खाण्याचा सोडा चिमटीने, विरघळवून.

हा उपाय फक्त इकवर. व्हेल्वेट या दुसऱ्या परजीवी रोगावर याचा काही उपयोग नाही.

खारंपाणी

काल दुसरी मात्रा झाली. संध्याकाळी तांबं ०.५० होतं, आज सकाळी ०.३६. पुन्हा मोजलं तरी तेच. पाणी बदललेलं नाही. स्पंजशिवाय एक हँग-ऑन फिल्टर लावलाय, त्यात पीएच टिकावा म्हणून कोरल चिप्सची छोटी पिशवी आहे. अमोनिया ०.१.

मीठ_मोजणारा

ती पिशवीच. कोरल चिप्स म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते तांबं धरून ठेवतं. आत्ताच काढा आणि ती पिशवी पुन्हा कुठल्याही टाकीत वापरू नका. पीएच बदलला की धरलेलं तांबं सुटतं.

१०० लिटरमध्ये ०.१४ कमी, म्हणजे १४ मिग्रॅ, म्हणजे १.४ मिली. पण ते पिशवी काढून सहा तासांनी पुन्हा मोजल्यावर, दिसेल त्या फरकाइतकंच घाला. ०.५ वर स्थिर झालं की तिथून पहिला दिवस धरा.

प्रवाळ

एक गोष्ट रोज पाहत राहा: श्वास आणि खाणं. मासा एकाएकी खायचा थांबला, पंपाच्या झोतात तोंड धरून उभा राहिला, उजेड टाळू लागला आणि अंगावर ठिपक्यांऐवजी पिठासारखी बारीक धूळ दिसली, तर तो व्हेल्वेट. तो दोन-तीन दिवसांत जीव घेतो. अशा वेळी आधी गोड्या पाण्याची आंघोळ: आरओचं पाणी, तापमान तंतोतंत तेवढंच, पीएच सोड्याने ८.१ वर, हवा सुरू, पाच मिनिटं. मासा आडवा होऊन निपचित पडला तर लगेच बाहेर. त्या पाण्याच्या तळाशी तिळासारखे पांढरे चपटे तुकडे पडले तर ते फ्लूक, म्हणजे चपटे परजीवी किडे; त्यांना तांबं नाही, प्राझिक्वांटेल लागतं.

क्लाऊनच्या अंगावरून बुळबुळीत साल सुटायला लागली तर ती ब्रुकलिनेला, आणखी एक परजीवी. तिच्यावरही तांबं चालत नाही, फॉर्मेलिन लागतं. तसं दिसलं तर फोटो टाका, मात्रा लगेच सांगतो.

आणि दोन टाक्यांसाठी जाळी, बादली, सायफन वेगवेगळे ठेवा. शक्य असेल तर दोन्ही टाक्यांमध्ये तीन मीटर अंतर, कारण एअर स्टोनच्या तुषारांतूनही परजीवी जातो. या ७६ दिवसांत मोठ्या टाकीत नवी गोगलगाय टाकू नका. तिच्या शंखावर कवच चिकटलेलं असेल तर मोजणी पहिल्यापासून.