तीन दिवसांत केदारनाथ? आई-वडिलांना घेऊन तर मुळीच नको

खामलेकर: "शुक्रवारी रात्री विमानाने दिल्ली, शनिवारी गुप्तकाशी, रविवारी हेलिकॉप्टरने दर्शन, सोमवारी घरी" हा बेत काल आपल्या ग्रुपवर पडला आणि लोक तो आई-वडिलांसाठी पुढे पाठवत सुटलेत. नागपूर 310 मीटरवर, केदारनाथ 3,583 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, म्हणजे दर श्वासात प्राणवायूही तेवढाच. खालच्या फाटा किंवा सिरसी गावाहून हेलिकॉप्टर काही मिनिटांत वर सोडतं, शरीराला जुळवून घ्यायला वेळच नाही. गौरीकुंडाहून 16 किलोमीटर चालावं, वाटेतल्या लिंचोलीला रात्र काढावी, पहाटे वर जावं.

इतवारीवाला: तो बेत माझाच. डोकं ठणकणं, मळमळ हे वर पोचल्यावर सहा-बारा तासांनी सुरू होतं. दोन तासांत दर्शन घेऊन खाली आलेल्याला काय होणार? आणि 70 वर्षांच्या माणसाला 16 किलोमीटर चढवणं बरं?

खामलेकर: त्याच दिवशी खाली आले तर त्रास कमी, हे मान्य. पण दरीत ढग उतरले की उड्डाणं बंद, कारण तिथे डोळ्यांनी पाहूनच उडवावं लागतं. 15 जून 2025 ला गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले. परतीचं उड्डाण रद्द झालं की तीच रात्र वर काढायची, आणि सामान हॉटेलात! वजनाच्या मर्यादेमुळे स्वेटर, गोळ्या खाली ठेवून जातात लोक.

महालकर: भाऊ, किती भेव दाखवून राहिले! आपल्या इकडचा माणूस दरसाल पचमढीजवळच्या नागद्वारची यात्रा करते. भर पावसात, शेवाळलेल्या दगडावर, लोखंडी शिड्या चढून. त्याले केदारनाथची काय धास्ती?

प्रतापनगर: नागद्वारचा इथे संबंध काय? सातपुड्याचं सर्वात उंच शिखर धूपगड, तेही 1,352 मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 च्या वर सुरू होतो. मांड्या घट्ट असल्या म्हणून तो टळत नाही. उलट दमदार माणूस भराभर चढतो आणि आधी आडवा होतो.

महालकर: नागद्वारले कमी लेखू नका. गौरीकुंडाच्या वाटेवर निम्मे लोक दमानं नाही, गुडघ्यानं बसते. उतरताना पाय लटपटते, खेचरांच्या लिदीवर पाऊस पडला का वाट साबणासारखी होते. तिथं नागद्वारचाच सराव कामी येते. आणि खेचर आलं का डोंगराच्या अंगानं उभं राहाव, दरीकडं नाही, हे तुमच्या बेतात कोणी लिहिलं काय?

प्रतापनगर: पायांपुरतं तुमचं खरं. फुप्फुसांपुरतं नाही, एवढंच.

महालकर: मंग अंबाझरी तलावाच्या सपाट चकरा मारून जाणाऱ्याले सांगा नं आधी. पचमढीच्या चौरागडाच्या पायऱ्या दोनदा चढा-उतरा, मंग तिकीट काढा.

इतवारीवाला: नागद्वार पुरे! ऑक्सिजनचा डबा नेला की झालं ना?

खामलेकर: दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटं चालतो. कापूर हुंगून नाक मोकळं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी, डायमॉक्स, डॉक्टरांना विचारूनच घ्या: सहसा 125 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, म्हणून रात्री बाथरूमजवळची खोली बघा. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल गेला, तर सकाळची वाट न बघता खाली उतरवायचं, डंडी (चौघांनी उचलायची पालखी) मिळो की कंडी (पाठीवरची टोपली).

इतवारीवाला: ठीक आहे, बेतात एक दिवस वाढवतो. स्वेटर आणि गोळ्या अंगावरच ठेवा हेही टाकतो. हेलिकॉप्टर मात्र बेतातून वगळणार नाही. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी दर्शन घ्यायचंच नाही का?

महालकर: घ्याव नं. पण परतीचं हेलिकॉप्टर सकाळचं पहा, दुपारी ढग चढते.