केपटाऊनला जूनमध्ये गाडीची जाहिरात: आत्ता स्वस्तात पडेल का?

चेंबूरकर_सँडी

मंडळी, जरा अडलोय. अंधेरीतल्या एका लहान प्रॉडक्शन हाऊसमध्ये मी जाहिरातींचं प्रॉडक्शन बघतो. एका गाडीची फिल्म करायची आहे. समुद्राकाठचा वळणावळणाचा रस्ता, वर निळंभोर आकाश, गाडीत आई-बाबा-दोन पोरं, शेवटी सूर्यास्त. एजन्सीतल्या कुणीतरी डेकमध्ये केपटाऊनचे फोटो टाकले आणि क्लायंट तिथेच अडकला. तारीख मात्र जूनचा दुसरा आठवडा, कारण गाडी गणपतीआधी शोरूमला लागायची आहे.

आमच्या साहेबांनी कुठेतरी वाचलं की दक्षिण आफ्रिकेत सरकारकडे फिल्मवाल्यांचे पैसे अडकलेत आणि युनिटं घरी बसून आहेत. साहेबांचं म्हणणं, "मग घासाघीस करायला हीच वेळ. शिवाय पंचवीस टक्के सबसिडी मिळते म्हणे, तीही धरून टाक." वर 'खतरों के खिलाडी'वालेही तिथे मे-जूनमध्येच शूट करून आलेत, मग आपल्यालाच काय होतंय, हा मुद्दा आहेच. सोमवारी आकडा द्यायचाय. तिथे काम केलेलं कुणी आहे का इथे?

उनाडमैना

सँडी, ती पंचवीस टक्क्यांची ओळ आधी खोड. मग पुढचं वाच.

मी लाइन प्रोड्युसर आहे, आणि केपटाऊनची बजेटं केलेली आहेत. तो परतावा तिथल्या व्यापार-उद्योग खात्याचा. सिनेमा, मालिका, माहितीपट, ॲनिमेशन यांच्यासाठी आहे. बाहेरच्या निर्मात्याला किमान दीड कोटी रँड तिथे खर्च करावा लागतो, तेव्हा दार उघडतं. रँड साधारण पाच रुपयांच्या आसपास धर आणि तूच गुणाकार कर. तेवढे पैसे असते तरी उपयोग नव्हता, कारण जाहिराती त्या योजनेच्या बाहेर आहेत. रिॲलिटी शोही बाहेर. म्हणजे आपल्याकडून तिथे जाणारं बरंचसं काम त्यात बसतच नाही, आणि तरी दर वर्षी कुणीतरी साहेब हा आकडा घेऊन येतातच.

आता अडकलेल्या पैशांबद्दल. ती बातमी खरी आहे. २०२५च्या सुरुवातीला तिथले फिल्मवाले केपटाऊनला आणि प्रिटोरियाला फलक घेऊन रस्त्यावर उतरले होते. पूर्ण झालेल्या कामांचे दावे थकलेले, नव्या अर्जांवर निर्णय नाहीत. परतावा मिळतो काम संपल्यावर, तोवर निर्माता त्याच्या भरवशावर उचललेल्या कर्जातून भागवतो. भरवसा गेला की पुढचा परदेशी सिनेमा दुसऱ्या देशात जातो आणि केपटाऊनच्या सुताराचं, रंगाऱ्याचं, ड्रायव्हरचं सहा महिन्यांचं काम जातं.

साहेबांना यातून स्वस्ताई दिसते, मला नेमकी उलटी भीती वाटते. जाहिरातीचं आणि सिनेमाचं युनिट तिथे वेगळं नसतं. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, जाहिराती करणारा ग्रिप (कॅमेऱ्याचे ट्रॅक, क्रेन लावणारा) जूनच्या हिवाळ्यात लांब मालिकेवर असतो. मधली मालिका गेली की तो रेट कमी करत नाही, तो धंदा सोडतो नाहीतर परदेशी जातो. तुला जूनमध्ये माणसं मिळतीलही, पण ज्यांना नावाने मागायचं ती शिल्लक असतील का, हे सर्व्हिस कंपनीला, म्हणजे बाहेरच्यांसाठी तिथलं शूटिंग सांभाळणाऱ्या स्थानिक कंपनीला, आधी विचार. आणि अडचणीत असलेल्या माणसाला दिवसाच्या पैशात घासायचं हे मला स्वतःला पटत नाही. ते माझं मत, बजेटमध्ये टाकू नकोस.

घासायचंच असेल तर कलाकारांच्या ओळीत डोकं घाल. आपल्याकडे एकदा पैसे दिले की फिल्म जन्मभर चालवायची सवय. तिथे दिवसाची फी वेगळी आणि वापराचे पैसे वेगळे: कुठले देश, किती काळ, टीव्ही की फक्त नेट. क्लायंट उगाच 'सगळं जग, कायमचं' असं लिहून देतो. फक्त भारत आणि एक वर्ष मागितलंस तर खरा फरक तिथे पडतो. दोन पोरं आहेत म्हणालास, तर १५ वर्षांखालच्या मुलांसाठी कामगार खात्याचा परवाना लागतो. तो रात्रीत होत नाही.

हो, आणि एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूची. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, स्टिअरिंग उजवीकडे. युरोपातल्या मंडळींना गाडी बाहेरून आणावी लागते, रस्त्यावरच्या खुणांची काळजी घ्यावी लागते. तुला ते काहीच नाही, मागची रहदारीसुद्धा चालून जाते. भारतात बनलेल्या बऱ्याच गाड्या तिथे विकल्या जातात, तेव्हा तुझं मॉडेल तिथे आहे का बघ. मॉडेल अजून बाजारात आलेलं नसेल तर इथून कार्नेवर (माल तात्पुरता नेऊन परत आणायचा कस्टम्सचा कागद) न्यावं लागेल. ते आपल्याकडे फिक्की ही उद्योगांची संघटना देते, पण क्लिअरिंग एजंटाला आजच गाठ.

नऊ_नंबर_गल्ली

मैनाताईंनी पैशाचं सांगितलं, मी उन्हाचं सांगतो. मी कॅमेरामन.

दक्षिण गोलार्धात दुपारी सूर्य उत्तरेला असतो. ऐकायला शाळेतलं वाटतं, पण इथल्या सवयीने फोटो बघून रेकी केली की उजेडाची बाजू नेमकी उलटी पडते. ॲपवर तारीख आणि जागा टाकून बघितल्याशिवाय एकही फ्रेम ठरवू नका. डिसेंबरात तिथे साडेपाचला उजाडतं आणि आठपर्यंत उजेड असतो, जवळजवळ साडेचौदा तास. जूनमध्ये सूर्य पावणेआठच्या पुढे उगवतो आणि पावणेसहाला मावळतो. तुमच्या दोन दिवसांच्या शेड्यूलमधले आठ-नऊ तास इथेच गेले. उलट जूनचा सूर्य दिवसभर खाली असतो, गाडीच्या पत्र्यावर ऊन फार सुंदर पडतं. डिसेंबरच्या दुपारी डोक्यावरच्या उन्हात गाडी चेपलेली दिसते. त्यामुळे जून वाईटच असं मी म्हणणार नाही. जून कंजूष आहे एवढंच.

ड्रोन इथून नेऊ नका. धंद्यासाठी उडवायचा तर तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाचं प्रमाणपत्र असलेला स्थानिक ऑपरेटरच घ्यावा लागतो.

टेबलमाउंटनखाली

मी मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे केपटाऊनमध्ये राहतो. फिल्मशी माझा संबंध एवढाच की उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पार्किंग मिळत नाही, पांढऱ्या व्हॅन लागलेल्या असतात.

इथे पाऊस हिवाळ्यात पडतो. जोहान्सबर्गला उन्हाळ्यात, आमच्याकडे जून ते ऑगस्ट. वायव्येकडून ढगांची फळी येते, दोन-तीन दिवस झोडपते, मग मधले काही दिवस असे लख्ख येतात की ऑफिसला जावंसं वाटत नाही. पण ते कधी येतील हे कुणी सांगू शकत नाही. तुम्हाला बहुतेक चॅपमन्स पीकचा रस्ता हवा असणार, हाउट बे ते नूर्डहूक. नऊ किलोमीटर, ११४ वळणं, खाली थेट अटलांटिक. सगळ्यांना तोच हवा असतो. टोलचा रस्ता आहे आणि पावसात दरड कोसळायची भीती असली की बंद करतात. आमच्या आंबोली घाटाची आठवण करून देणारं प्रकरण. पर्याय म्हणजे गॉर्डन्स बेपासून रॉय एल्सकडे जाणारा क्लॅरेन्स ड्राइव्ह. माझ्या मते तो जास्त देखणा, आणि पोस्टरांवर कमी दिसलेला.

उन्हाळ्यातही सगळं आलबेल नसतं हे लिहून ठेवतो. आग्नेयेचा वारा सुटला की टेबल माउंटनचा रोपवे बंद होतो, किनाऱ्यावर उभं राहिलं तर वाळू तोंडात जाते. आणि फोटोतल्या त्या निळ्या पाण्यात पोरांना खेळवायचा सीन असेल तर क्लिफ्टनचं पाणी भर जानेवारीत १२-१३ अंश असू शकतं. पोरं रडतील.

पुणेरी_पासपोर्ट

आमचा सहलींचा व्यवसाय आहे, तेवढ्यापुरतं लिहितो.

१. २०२५पासून भारत आणि चीनच्या पर्यटकांसाठी मान्यताप्राप्त टूर ऑपरेटरांमार्फत सोपा व्हिसा सुरू झाला. वर्तमानपत्रांत त्याचं फार कौतुक झालं, योग्यच झालं. पण ती सवलत सहलीच्या गटांसाठी आहे. युनिटला त्यात घुसवायचा विचार कुणी केला असेल तर सोडून द्या. थोड्या दिवसांच्या कामासाठी व्हिजिटर व्हिसावर काम करण्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. कागदपत्रं तिथल्या सर्व्हिस कंपनीकडून येतात.

२. मुंबईहून थेट विमान नाही. साउथ आफ्रिकन एअरवेजने ते २०१५मध्ये बंद केलं. स्वस्त पडतं म्हणून लोक अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात. तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबलात किंवा विमानतळाबाहेर पडलात तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो, आणि लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी तो ग्राह्य होतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यासाठी मेअखेर धावपळ करणारे मी पाहिले आहेत. दुबई किंवा दोहामार्गे जा, डोक्याला ताप नाही.

चेंबूरकर_सँडी

बापरे. एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे आभार. साहेबांना पंचवीस टक्क्यांचं सांगितलं, पाच मिनिटं गप्प होते. आता म्हणतात, 'खतरों के खिलाडी'चं तरी उत्तर आण.

उनाडमैना

त्याचं उत्तर सोपं आहे. स्टंटच्या कार्यक्रमाला ढग आले तर बिघडत नाही, उलट भीती वाढते. त्यांचा मुक्काम मोठा, एक दिवस गेला तर क्रम फिरवतात. तुझा मुक्काम दोन दिवसांचा आणि स्टोरीबोर्डवर प्रत्येक चौकटीत निळं आकाश. सकाळच्या शॉटला ऊन आणि दुपारच्या शॉटला ढग, मग एडिटवर बसून रडायचं.

सोमवारी एक नको, दोन आकडे दे. पहिला केपटाऊनचा, त्यात किमान दोन वेदर डे (हवा बिघडली तर राखीव दिवस) धर आणि ते कुणाच्या खिशातून जाणार हे एजन्सीकडून लिहून घे. युनिट उभं राहिलं की पाऊस असो नसो, दिवसाचे पैसे जातातच. परवानगीची खिडकीही एकच नाही. रस्ते आणि सार्वजनिक किनारे शहराच्या फिल्म परमिट ऑफिसकडे, टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यानातला भाग राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सॅनपार्क्सकडे, शिवाय रहदारी रोखायला ट्रॅफिकवाले पैसे भरून घ्यावे लागतात.

दुसरा आकडा डर्बनचा. जूनमध्ये तिथे कोरडं आणि उबदार असतं, समुद्रही हिंदी महासागराचा, पोरं पाण्यात उतरतील. कड्यावरचा रस्ता मिळणार नाही. पण उत्तरेकडे उसाच्या शेतांमधून जाणारे रस्ते आहेत, आणि एका दिवसासाठी ड्राकेन्सबर्गच्या पायथ्याशी गेलात तर हिवाळ्यातलं पिवळं गवत आणि मागे डोंगराची भिंत मिळते. क्लायंट शाकाहारी असेल तर जेवणाचाही प्रश्न नाही, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली भारतीय वस्ती केवढी तरी आहे.

नऊ_नंबर_गल्ली

पण ताई, डर्बनला किनारा पूर्वेला. सूर्यास्त समुद्रात होणार नाही.

उनाडमैना

मग सूर्योदय घ्या. गाडीत बसलेल्या कुटुंबाला काय फरक पडतो? फरक पडणार कॉल टाइमला (युनिटने हजर व्हायच्या वेळेला), आणि तो तुम्हालाच सोसायचाय.

चेंबूरकर_सँडी

क्लायंटला फोन केला. सूर्योदय चालेल म्हणाले, पण समुद्र 'केपटाऊनसारखा निळा' पाहिजे. दोन्ही आकडे टाकतोय. ताई, डर्बनच्या सर्व्हिस कंपनीसाठी व्यक्तिगत निरोप करतो, बघाल का?