मदत हवी आहे: काश्मीरचा सरोवरांचा ट्रेक, वय ४९, बीपीची गोळी चालू, मुक्काम परभणी

नमस्कार मंडळी,

पुण्यात नोकरीला असलेल्या भाचीनं यंदा सोनमर्ग ते नारानाग हा ग्रेट लेक्स ट्रेक ठरवलाय आणि "मामा, तुम्ही चलाच" म्हणून मागं लागलीय. विशनसर, किशनसर, गडसर, सत्सर, गंगाबल, नुंदकोल अशी डोंगरातली तळी, सत्तरेक किलोमीटर चाल, तंबूत मुक्काम. सोबत गाइड, स्वयंपाकी आणि सामानाला खेचरं. फोटो बघून मी हो म्हणून बसलो. घरच्या मंडळींचं म्हणणं, "पाणीच बघायचं तर येलदरीला चला की, एवढ्या लांब कशाला जायलात?"

माझं कृषी सेवा केंद्र आहे. दिवसभर काउंटरवर उभं राहायची सवय आहे, चालायची फार नाही. बीपीची एक गोळी रोज सकाळी, बाकी काही नाही. बर्फ फक्त रसवंतीवर बघितलाय.

भाचीनं दोन कंपन्यांचे कार्यक्रम पाठवलेत. एक ६ दिवसांचा, रोज चाल. दुसरा ७ दिवसांचा, त्यात विशनसरला एक दिवस मोकळा, पैसेही जास्त. भाचीला सुट्टी कमी, म्हणून तिचा कल पहिल्याकडं. एका जागी बसून राहायला जास्तीचे पैसे कशाला, असं मलाही वाटतंय. काय करावं?

दुसरं म्हणजे तयारी. आमच्याकडं डोंगर म्हणावा असं जवळ काही नाही. जिंतूरची नेमगिरी आहे, ती टेकडीच म्हणायची. त्यात मे महिन्यात ऊन ४३ च्या खाली येत नाही. अशात सराव कसा करायचा?

आणि तारीख. कंपन्या म्हणतात उन्हाळी ट्रेक, पण सीझन जुलै ते सप्टेंबरचा मध्य. म्हणजे आपला ऐन पावसाळा. जूनपासून पेरणी, मग खत, मग फवारणी, दुकान सोडता येत नाही. पोळ्याला घरी असायलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. ज्यांनी हा ट्रेक केलाय त्यांनी जरा मोकळेपणानं सांगावं. "जा, मस्त आहे" एवढंच सांगणारे घरात आहेत.

— काउंटरवाला_परभणी

*

दादा, सगळ्यात आधी तो ६ दिवसांचा कार्यक्रम डोक्यातून काढा.

परभणी समुद्रसपाटीपासून चारशेक मीटरवर. सोनमर्ग २७०० च्या पुढं. तिथून निघालं की लगेचच्या मुक्कामांत तुम्ही ३५०० च्या आसपास झोपता, आणि गडसरची खिंड ४१०० च्याही वर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साठेक टक्केच उरतो. पाय कितीही तयार असू द्या, शरीराला त्या हवेची सवय व्हायला दिवस द्यावेच लागतात. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा साधारण नियम आहे. या वाटेवर तो सुरुवातीलाच मोडतो, म्हणून विशनसरचा मोकळा दिवस पाहिजे. त्या दिवशी तंबूत लोळायचं नाही. किशनसरपर्यंत जाऊन यायचं, थोडं वर चढायचं आणि झोपायला परत खाली.

दुसरी गोष्ट कंपनीवाले आपणहून सांगत नाहीत. मागं फिरायचं असेल तर ते विशनसरहून. एक निचनाईची खिंड ओलांडली की सोनमर्गची वाट. गडसरची खिंड पार केली की मागं दोन खिंडी आणि पुढं सत्सरनंतरची एक. मग आजारी माणसाला खेचरावर बसवून न्यायचं म्हटलं तरी हाल. म्हणजे पुढं जायचं की परतायचं, ते विशनसरलाच ठरतं. डोकं दुखतंय, जेवण जाईना, हे भाचीपासून लपवायचं नाही. गाइडपासून तर नाहीच.

कंपनीला फोन करून विचारा: एवढ्या माणसांत गाइड किती, ऑक्सिजनचा सिलिंडर प्रत्येक मुक्कामावर सोबत असतो का, आणि कोणाला खाली न्यायची वेळ आली तर त्याच्यासोबत कोण जातं. तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडं जाऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

तयारीचं म्हणाल तर चढाची धास्ती सगळेच घेतात. माझे हाल उतारानं केले. गंगाबल साडेतीन हजारांच्या आसपास आणि नारानाग सव्वादोन हजारांवर. शेवटच्या दिवशी एका दमात हजार-बाराशे मीटर खाली, चिडाच्या जंगलातून. तेव्हा नेमगिरीला कमी लेखू नका. पहाटे साडेपाचला पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन पाच-सहा वेळा वर-खाली करा, आणि उतरताना धावू नका. रोजच्याला कृषी विद्यापीठातले रस्ते आहेतच. महिन्यातून एकदा देवगिरी किल्ला करा, तिकिटाचे पैसे वसूल होतात. उन्हात घाम गाळून उंचीची तयारी होत नाही, सूर्य वर यायच्या आत घरी या.

तारखेला तुमचं कॅलेंडर चांगलं जुळतंय. अमरनाथ यात्रा बहुतेक नारळी पौर्णिमेला संपते, तोवर बालटालच्या यात्रातळामुळं सोनमर्गकडं गर्दी असते. पौर्णिमा ते पोळा हे पंधरा दिवस धरा. जुलैतल्यापेक्षा फुलं कमी मिळतील, पण खिंडीतला बर्फही गेलेला असतो. काश्मीरला पीरपंजालची आडभिंत आहे, म्हणून आपल्यासारखी झड लागत नाही. तरी पाऊस येतो आणि आला की थंडी वाजते. पोंचो, कोरडे मोजे, टोपी सॅकमध्ये वरच ठेवा.

सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, पुढं विमान. सिम प्रीपेड असेल तर जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड करून घ्या. डोंगरात तसाही फोन लागत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र बघतात, मूळ आधार कार्ड जवळ असू द्या.

— देवगिरीकर

*

वरच्यांचं बरोबर आहे. डॉक्टर म्हणून थोडी भर घालते. बीपीची गोळी ट्रेकमध्ये अजिबात बंद करायची नाही. पण ती कोणती आहे हे महत्त्वाचं. काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. उंचीसाठी घेतात ती डायमॉक्सही तेच करते, दोन्हींनी मिळून शरीर कोरडं पडू शकतं. काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत, त्यांच्यावर चढताना दम लवकर लागतो. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगावं लागतं. मित्रानं दिली म्हणून डायमॉक्स घेऊ नका. दोन महिने आधी तुमच्या फिजिशियनला कार्यक्रमाचा कागद दाखवा, ईसीजी करून घ्या.

डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्याजागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा बोलण्यात गोंधळ झाला तर रात्र असली तरी खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. आणि पाणी. दुकानात बसून दिवसाला दोन ग्लास पिणारे असाल तर सवय आत्तापासून बदला.

— सौ_डॉक्टर_नांदेड

*

दोघांचेही आभार. भाचीला हा धागा पाठवला, ती ७ दिवसांच्या कार्यक्रमाला तयार झाली, सुट्टीचं बघते म्हणाली. ताई, गोळी टेल्मिसार्टन आहे, ४० ची. सोमवारी डॉक्टरांकडं जातो.

एक राहिलं. बूट आत्ता घ्यावेत की जवळ आल्यावर? इथं दुकानात ट्रेकिंगचे म्हणून जे दाखवतात ते मला मॉर्निंग वॉकचेच वाटले.

— काउंटरवाला_परभणी

*

आत्ताच घ्या, पण इथून नको. भाचीला पुण्यात मापाचे बघायला सांगा, घोट्याच्या वर येणारे, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे. उतरताना बोटं पुढं आपटतात. नेमगिरीला तेच घालून जा.

— देवगिरीकर